नवरदेवाच्या हंड्यात बर्नडेटचं पॉलिमर

बर्नडेट बोर्जिस एवढं शिकून करते तरी काय, असं उत्तनमध्ये कुणी विचारलं की तिचे वडील अल्फान्सो सरळ सांगून टाकायचे, "पान्यात मीठ घालते."

मग अल्फान्सो वर जोड द्यायचे, "आमी जल्मभर मासळीला मीठ लावतो, आमाला कोन डॉक्टर करत न्हाय."

बर्नडेटला याचा राग कधीच आला नाही. तिला हसू यायचं, कारण ते अगदी शब्दशः खरं होतं. आणि हसू आलं की तिला ते आवरता यायचं नाही. सव्वीस वर्षांची, उंच, काटकुळी, चालायची म्हणजे धावायचीच. चर्चमध्ये फादरांचं प्रवचन चालू असताना तिला एकदा का हसू फुटलं की आय शेजारून चिमटा काढायची आणि चिमट्याने ते आणखी वाढायचं. भाईंदरच्या कॉलेजात बी.एस्सी., मुंबईला एम.एस्सी. आणि मग एका संशोधन संस्थेत पीएच.डी., इथवर ती अशी हसत, धडपडत, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत पोचली होती.

तिची सगळी माया जडली होती ती एका पॉलिमरवर. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेला मोठा रेणू. बहुतेक पॉलिमरं माळेसारखी लांब असतात. बर्नडेटचं मात्र झाडासारखं होतं, फांदीला फांदी आणि त्या फांदीलाही फांदी. थंड पाण्यात ते असं विरघळायचं की बाटलीत काही आहे हे शपथेवर सांगूनही कुणाला पटू नये. तेच पाणी अडतीस डिग्रीच्या वर गेलं की क्षणात दूध. थंड केलं की परत नितळ पाणी. आणि त्यात मीठ घातलं की तो अडतीसचा आकडा हलायचा.

मीठ म्हणजे काही आपल्या डब्यातलं एकच नव्हे. रसायनशास्त्रात मिठांचं अख्खं गणगोत असतं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बर्नडेट हे लग्नघराच्या भाषेत समजावून सांगायची. पाणी म्हणजे यजमान. पॉलिमर म्हणजे भिडस्त पाहुणा. सारखं कुणीतरी "घ्या हो, बसा हो" म्हणत राहिलं तरच तो मांडवात मोकळा वावरणार. साधं मीठ आलं की चार यजमान तिकडे जातात. सल्फेट आलं की सगळेच त्याच्या दिमतीला. मग भिडस्ताकडे कोण बघतो? तो बापडा आपल्याच माणसांना धरून कोपऱ्यात गोळा होतो. ते गोळा होणं म्हणजेच दूध. मग त्याला अडतीसपर्यंत तापवायलाही लागत नाही, पार विसा-बाविसावर काम होतं. याच्या उलट थायोसायनेट नावाचा एक पाहुणा. तो स्वतःची सरबराई मागत नाही, वर भिडस्तालाच सरकून जागा करून देतो. तो आला की अडतीसाचा आकडा चाळीसच्या वर जातो.

या हिशेबाने लॅबमधल्या सल्फेटच्या बाटलीचं नाव पडलं होतं ब्रिजित आत्या. ही अल्फान्सोंची थोरली बहीण. ती घरात शिरली की एक जण खुर्ची आणतो, एक पाणी आणतो, एक पंखा वळवतो, आणि तिघांचंही चुकलेलं असतं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात बर्नडेटचं पाच मिठांचं काम झालेलं होतं, सहावं तेवढं राहिलं होतं. आणि तिचे मार्गदर्शक सर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध सादर झाला तर ठीक. नाहीतर नवा मार्गदर्शक शोधा, त्याची मनधरणी करा, आणि तो म्हणणार, हा विषय माझा नाही.

सहावं मीठ म्हणजे फार तर आठवड्याचं काम. पण एक मेख होती. ही झाडासारखी पॉलिमरं मोठी लहरी असतात. तीच कृती, तेच हात, तरी दुसऱ्या खेपेला फांद्या वेगळ्या फुटतात. दरवर्षी त्याच बाईने घातलेलं लोणचंही दरवर्षी सारखं उतरत नाही, तसंच हे. त्यामुळे पाच मिठांचे आकडे ज्या खेपेवर घेतले, सहाव्याचेही त्याच खेपेवर घ्यायला हवेत. नाहीतर तुलना कशाची कशाशी करणार? ती खेप संपली की मागचे आकडेही पाण्यात. आणि त्या खेपेतलं आता एक लिटर दाट द्रावण उरलं होतं. लिटरभर. बस्स.

नेमकं त्याच आठवड्यात संस्थेने जाहीर केलं की शनिवार-रविवार वीज बंद, दुरुस्ती आहे. मे महिन्यात बंद फ्रीजमध्ये द्रावण ठेवलं तर सोमवारी त्यावर बुरशी. सर म्हणाले, "घरी ने. फ्रीजमध्ये ठेव. आणि लक्ष ठेव."

"सर, घरी लग्न आहे."

"मग जास्त लक्ष ठेव."

लग्न होतं धाकट्या भावाचं, ॲशलीचं. मनोरीच्या मेगनशी. बर्नडेटने विचार केला, उत्तनच्या बसचे धक्के, हातात लग्नाच्या पिशव्या, त्यात काचेची बाटली नकोच. तिने मिनरल वॉटरची रिकामी बाटली स्वच्छ धुतली, द्रावण त्यात ओतलं, झाकण आवळलं आणि वर ठळक लिहिलं, "बर्नडेटचं. हात लावू नये."

लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की पिण्याच्या बाटलीत रसायन ठेवायचं नाही. बर्नडेट हे दरवर्षी नव्या मुलांना स्वतः शिकवायची.

शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी आणायचं होतं. इथल्या कॅथलिक घरांमध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजत-गाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात, आणि लग्नाच्या सकाळी नवरदेवाला त्याच पाण्याने न्हाऊ घालतात. पुढे मातीच्या मडक्याचा घुमट वाजत होता, मागे लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बायका, आणि सगळ्यात पुढे कळशी घेऊन, हुकूम सोडत, ब्रिजित आत्या.

बर्नडेटची लॅबमधली मैत्रीण रुचिता धुरी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातून खास हे बघायला आली होती. रुचिता शांत मुलगी, हलक्या आवाजात बोलणारी. तिने आत्याकडे निरखून पाहिलं आणि बर्नडेटच्या कानाशी विचारलं, "हीच ना सल्फेट?"

"काय म्हनली ती पोरगी?" आत्याचे कान तिखट होते.

"तुझ्यासारखी दुसरी कोन न्हाय म्हनते, आत्या."

"खरा हाय," आत्या म्हणाली आणि पुढे चालू लागली. इकडे बर्नडेटला रुचिताच्या खांद्यात तोंड खुपसून हसावं लागलं.

रविवारी सकाळी अंगणात नुसती धांदल. एका चुलीवर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळायला कढई चढलेली, दुसरीवर तांब्याच्या हंड्यात उंबराचं पाणी तापत होतं. मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या पिंपात थंड पेयांसाठी बर्फ फोडून ठेवला होता. पाटावर ॲशली उभा, बनियन आणि हाफ पँट, डोक्याला तेल चोपडलेलं. बर्नडेट आत मेगनकडे जायच्या तबकात बांगड्या लावत होती.

पाणी जरा जास्तच तापलं. ॲशलीने बोट घालून बघितलं आणि झटकन काढलं. "आय, नवरा उकडायचा हाय की न्हावायचा?"

"थंड पानी आना," आत्याने हुकूम सोडला. बर्फ पेयांसाठी राखलेला, घरात साधं पाणी दुसऱ्या पिंपातच होतं आणि मे महिन्यातलं पिंपातलं पाणी काही थंड नसतं. आत्या स्वतः फ्रीजकडे गेली. तिथे मागच्या बाजूला, लोण्याच्या डब्याआड, गारेगार बाटली. वरचं लिहिलेलं तिने वाचलं. वाचता येत नव्हतं असं नाही. उलट वाचल्यामुळेच तिचं डोकं फिरलं. लग्नाच्या घरात, पाहुणे घोटभर थंड पाण्यासाठी तरसत असताना, ही पोरगी स्वतःपुरती विकतची बाटली लपवून ठेवते? वर लिहिते, हात लावू नये? आत्या बाटली घेऊन अंगणात आली आणि साऱ्यांसमोर ती हंड्यात उपडी केली.

हंड्यातलं पाणी पांढरंफट्ट झालं.

हळूहळू नव्हे, बघता बघता. सगळ्या बायका एक पाऊल मागे सरल्या. घुमटवाल्याचा हात थांबला. आत्याच्या हातात तांब्या होता. तो तिने सवयीने बुडवलेला होताच, आणि सवयीनेच ॲशलीच्या डोक्यावर रिकामा केला. ॲशलीच्या नाकावरून दूध ओघळलं.

"पान्याचा दूद झाला गो," एक म्हातारी हळूच म्हणाली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"फादरांना बोलवा," दुसरी म्हणाली.

"फादर कशाला? बाटली खराब होती, दुकानदाराला बोलवा," तिसरी.

अल्फान्सो मांडवाच्या खांबाशी उभे होते. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस. त्यांच्या आयुष्यात जे जे बिघडायला लागतं त्याला एकच औषध. ते पिंपाकडे गेले, फावडंभर बर्फ उचलला आणि हंड्यात टाकला. मग आणखी एक फावडं. मग चुलीतली लाकडं मागे ओढली.

ते पाणी ढवळत राहिले आणि बघता बघता दूध विरलं. हंड्याचा तळ दिसायला लागला. पाणी नितळ झालं.

टाळ्या पडल्या. घुमट परत सुरू झाला. "सगल्याला बर्फ लागतो," अल्फान्सो फावड्यावर हात टेकून म्हणाले, आणि त्या क्षणी उत्तनमध्ये त्यांच्याएवढा समाधानी माणूस दुसरा नसेल.

टाळ्या ऐकून बर्नडेट बाहेर आली. चुलीजवळ आडवी पडलेली बाटली तिला दिसली. वरची स्वतःचीच अक्षरं दिसली. तिने हंड्याकडे पाहिलं, ॲशलीकडे पाहिलं. आत्याने दुसरा तांब्या भरून वर उचलला होता.

"आत्या, खाली ठेव."

"का?"

"यात माझी पीएच.डी. हाय."

सगळ्यांनी हंड्यात वाकून बघितलं. स्वच्छ पाणी. त्यात बर्फाचा एक तुकडा तरंगत होता.

"कुटं हाय?" आत्या म्हणाली. "मना तं दिसत न्हाय."

बर्नडेटने रिकामी बाटली उचलली. आणि अशा वेळी, देवाने तिला असंच घडवलं होतं त्याला ती काय करणार, तिच्या पोटातून हसू वर चढायला लागलं. सहा महिन्यांची रात्रंदिवस मेहनत, पाच मिठं, सरांची निवृत्ती, सगळं त्या हंड्यात होतं, अदृश्य. आणि तिचा बाप शेजारी उभा राहून स्वतःच्या पराक्रमावर खूश होता. ती हसत हसत खाली बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कसलं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं.

रुचिता धावत आली. बाटली, हंडा, बर्फ. तिला एका नजरेत सगळं कळलं. ती बर्नडेटसमोर उकिडवी बसली आणि लॅबमध्ये बोलते तशाच हलक्या आवाजात म्हणाली, "बर्नी, ऐक. गेलेलं नाहीये ते. विरघळलंय फक्त."

"हंडाभर पाण्यात, रुचि."

"मग बाहेर काढू. बाहेर कसं काढतात ते जगात तुझ्याइतकं कुणाला माहितीये?"

बर्नडेटचं हसू थांबलं. तिने वर पाहिलं. भिडस्त पाहुणा सगळ्या मांडवात विखुरलाय. त्याला एका कोपऱ्यात गोळा करायचा तर काय करायचं? यजमानांना दुसरीकडे पाठवायचं.

"आय," ती उठून ओरडली, "मीठ कुटं हाय?"

"फुग्यांना घातलाय," आय म्हणाली.

"जेवणाचा न्हाय. मासळीचा."

मासळीच्या मिठाचं नवं पोतं पडवीत होतं, भाईंदरच्या मिठागरातलं जाड खडे-मीठ. ॲशलीने पाटावरून उडी मारली, तेलकट डोक्याने पडवीत गेला आणि पोतं ओढत घेऊन आला. अल्फान्सोंनी लाकडं परत चुलीत सारली, जरा नाराजीनेच. त्यांचा इलाज उलटा फिरवला जात होता.

"पयला तापवलं, मग थंड केलं, आता परत तापवायचं," ते म्हणाले. "ही पीएच.डी. हाय की चाय?"

बर्नडेट ओंजळी भरभरून मीठ टाकत गेली आणि रुचिता लाकडी उलथन्याने ढवळत गेली. पहिल्या काही ओंजळींनी काहीच झालं नाही. पाणी खारट होत होतं, एवढंच. बायका कुजबुजत होत्या. मग बर्नडेटने पाण्यात हात घातला. अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं, बर्फाचा गारवा होता. आणि तिच्या बोटांभोवती धूर पसरावा तसं पांढरं पसरायला लागलं.

"रुचि. बघ. थंड आहे अजून."

"दिसतंय मला."

"अडतीसवरून कुठे आलं बघ. वीससुद्धा नसेल गं."

दोघी हंड्यात डोकं घालून हसत होत्या. बाकी कुणाला त्यात काय हसण्यासारखं ते कळत नव्हतं. पण लग्नघर होतं, घुमट वाजत होता, आणि दोन मुली इतक्या जोरात हसत होत्या की म्हातारीलाही हसू आलं. तिने तोंडाला पदर लावला.

"अजून मीठ," बर्नडेट म्हणाली.

आता सगळेच मीठ टाकायला लागले. आय टाकत होती, शेजारीण टाकत होती, फुगे तळणारी बाई झारा सोडून टाकायला आली आणि एक घाणा करपला. मीठ टाकून पुण्य लागतं अशी काहीतरी समजूत पसरली असावी, कारण रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकाही आत येऊन मूठ-मूठ टाकून गेल्या. पाणी तापत गेलं, दूध दाट होत गेलं. मग दूध दुधासारखं राहीना, दह्यासारखं फुटायला लागलं. आणि शेवटी, मीठ विरघळायचं थांबून तळाशी खडे किरकिरायला लागले तेव्हा, पांढरे गोळे एकमेकांना चिकटत वर आले आणि हंड्याच्या तोंडाशी पिवळसर, जाड, चमकदार साय धरली.

"हे वर कसं आलं?" रुचिताने विचारलं. लॅबमध्ये ते नेहमी तळाला बसायचं.

"एवढं मीठ आपण लॅबमध्ये कधी घातलंय? पाणीच जड झालं. खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो, मग हे का नाही?"

बर्नडेटने पळी घेतली आणि ती साय उचलून स्टीलच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. काकवीसारखी चिवट. पळीला चिकटायची, बोटांना चिकटायची, एकदा तिच्या केसांना चिकटली. तिने तीही पुसून डब्यात घेतली. खाली राहिलेलं पाणी पुन्हा नितळ होत चाललं होतं. या वेळी मात्र ते खरंच रिकामं होतं.

तेवढ्यात भाड्याचा ब्रास बँड येऊन फाटकाशी उभा राहिला. बँडमास्तरला वाटलं, नवरदेवाची आंघोळ झाली. त्याने हात वर केला आणि ट्रम्पेट सुरू झाले. मांडव हादरला. नवरदेव तेलकट, एव्हाना वाळून कोरडा, कमरेवर हात ठेवून हंड्यात डोकावत होता.

"बाय, झाला का तुजा?"

"झाला. डबा भरला."

"मग माजी आंघोळ?"

इथे मोठाच पेच पडला. नवरदेवाला उंबराच्या पाण्याने न्हाऊ घातलंच पाहिजे. आणि उंबराचं पाणी तेवढंच, त्या हंड्यातलं. आता त्यात अर्धं पोतं मीठ. रुचिताने सुचवलं, विहिरीवरून दुसरं आणावं. आत्याने तिच्याकडे अशी नजर टाकली की रुचिता उलथनं घेऊन मागे सरकली.

"रविवारी सकाळी, बिनघुमटाचा, असाच आनायचा? त्याला उंबराचा पानी कोन म्हनील?" आत्या हंड्यापाशी गेली. बोट बुडवून चाटलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग तिने अल्फान्सोंकडे पाहिलं. "तूच सांग. तुज्या पोराला ह्या पान्यात न्हावू घालू?"

अल्फान्सोंनीही बोट चाटलं. विचार केला.

"दर्याचा पानी ह्याच्याहून गोडा हाय," ते म्हणाले.

"मना काय," ॲशली पाटावर चढत म्हणाला, "मी रोज दर्यातच असतो. घाला."

पाणी निवेपर्यंत बँडवाल्यांना फुगे देऊन बसवलं. मग पाच सवाशिणींनी एकेक तांब्या घातला. ॲशलीने डोळे घट्ट मिटले होते, तोंड घट्ट मिटलं होतं, तरी थोडं नाकात गेलंच. तो शिंकत राहिला आणि प्रत्येक शिंकेला घुमटवाला एक थाप मारत गेला. वरून त्याला पिंपाच्या साध्या पाण्याने खळखळून धुतलं. पण दुपारी चर्चच्या दारात सूट घालून उभा राहिला तेव्हाही त्याच्या कानामागे मिठाची पांढरी रेघ होती. मेगनने ती करंगळीने पुसली आणि त्याला हळूच काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "घरी गेल्यावर सांगतो. लांबडी गोष्ट हाय."

रात्रभर बर्नडेट नाचली, फार छान नाचली, पण दर दोन नाचांनी आत जाऊन फ्रीज उघडून डबा आहे का ते बघून येत होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा फ्रीजपुढे खुर्ची टाकून ब्रिजित आत्या बसलेली होती.

"जा, नाच," आत्या म्हणाली. "कोन हात लावतो मी बगते."

सोमवारी सरांना सगळं सांगायला लागलं. बर्नडेटने ठरवलं होतं की हसायचं नाही. तिने खाली बघून, एका सुरात, बाटलीपासून सायीपर्यंत सांगितलं. सरांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"साधारण किती लिटर पाण्यातून काढलं?"

"एक हंडा, सर."

"हंडा हे माप नाही, बर्नडेट."

"मोठा हंडा, सर."

रुचिताला खोकला आला आणि ती बाहेर गेली. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मीठ धुऊन काढ सगळं. मग नुसत्या पाण्यात तपास. अडतीसला दूध झालं तर ही तीच खेप, पुढे जा. नाही झालं तर..." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तर मी काही करू शकणार नाही."

मग तो आठवडा गेला धुण्यात. पॉलिमर पातळ पापुद्र्याच्या पिशव्यांत भरून शुद्ध पाण्यात सोडायचं. पिशवीच्या बारीक छिद्रांतून मीठ बाहेर पडतं, झाडं मात्र फांद्यांमुळे आत अडकून राहतात. पाणी खारट झालं की बदलायचं, परत खारट झालं की परत बदलायचं. बर्नडेट या दिवसांत इतकी गप्प होती की शेजारच्या लॅबमधल्या मुलांनी रुचिताला विचारलं, ही आजारी आहे का? तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. समजा काही फांद्या हंड्यातच राहिल्या असतील? समजा लहान झाडं ॲशलीबरोबर वाहून गेली असतील आणि मोठीच तेवढी सायीत आली असतील? मग ही खेप तीच, पण तीच नव्हे. मग छत्तीस येईल. किंवा एकोणचाळीस.

शेवटी शुक्रवारी पाण्यात मीठ लागेना. तिने नमुना भरला, नळी यंत्रात बसवली. एका बाजूने प्रकाश जातो, दुसऱ्या बाजूला तो किती पोचला हे काटा सांगतो. तापमान अर्ध्या-अर्ध्या डिग्रीने वर चढायला लागलं.

छत्तीस. काटा हलला नाही.

"एक संकट टळलं," रुचिता म्हणाली.

सदतीस. नाही हलला. दारात सर येऊन उभे राहिले होते. हातात चहाचा कप, पण पीत नव्हते.

साडेसदतीस. बर्नडेटने रुचिताचा हात धरला, इतका घट्ट की रुचिताची बांगडी मनगटात रुतली.

अडतीसला टेकलं, आणि काटा कोसळला. नळीत दूध.

"अडतीस," सर म्हणाले आणि एका घोटात सगळा चहा प्यायले. "सहावं मीठ लावा. लगेच." वळून दोन पावलं गेले आणि पुन्हा आले. "आणि शुद्धीकरणाच्या पद्धतीत जे झालं ते नीट लिहायचं. मीठ किती, पाणी किती. हंड्याचं माप घरी जाऊन मोजून आण."

ते गेल्यावर बर्नडेटने नळी बर्फात धरली. दूध विरलं, पाणी झालं. हातात धरून चोळली, दिव्याशी नेली, परत दूध. परत बर्फात. एकदा करून भागण्यासारखं होतं, तिने चारदा केलं. पाचव्यांदा करायला घेतलं तेव्हा तिचं हसू असं काही फुटलं की हातातली नळी डुगडुगायला लागली.

"बर्नी, सहावं मीठ," रुचिता म्हणाली.

"हो हो," बर्नडेट म्हणाली. "फक्त एकदा अजून."